नावा बघायला बसलो होतो, गाणं ऐकून उठलो (पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन)

सुरंगी, माशेल
२७ जुलै २०२४

काल रात्री आमच्याकडे टीव्ही लागला तो नावांसाठी. उन्हाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन पहिल्यांदाच स्टेडियमबाहेर, सीन नदीतून, सहा किलोमीटर, ८५ नावा. लेक बॅडमिंटन खेळतो. त्याला सिंधूला झेंडा घेऊन उभी राहिलेली बघायचं होतं, आणि आपली तनिशा क्रास्तो संघात असल्यामुळे ती कुठे दिसते का तेही. आपल्याकडे सोहळा सुरू व्हायला रात्रीचे अकरा वाजले. बाहेर नेहमीचा जुलैचा पाऊस, दोनदा लाईट गेली, आणि टीव्हीत बघावं तर पॅरिसलाही पाऊस.

मध्येच पडद्यावर एका पुलावर पियानो वाजवणारा एक तरुण आला. डोक्यावर काही नाही. पियानोच्या काळ्या लाकडावर थेंब साचलेले, त्याचा चेहरा ओला, आणि बोटं अशी चाललेली की पाणी नक्की कुठून येतंय, वरून की आतून, ते कळेना. आमच्या सासूबाई गावच्या भजनात गायच्या. त्या जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांचं नावांकडे अजिबात लक्ष नव्हतं. त्यांनी माळ खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ह्याला कोण छत्री का धरत नाही गो?" मग एकदम गप्प. आमचे समालोचक तेव्हा कुठल्याशा देशाचे किती खेळाडू आलेत ते सांगत होते. लेकाने आवाज वाढवला, तर समालोचकांचाच वाढला. तरीही त्या बोलण्याच्या मागून ते वादन आमच्यापर्यंत पोचलं.

आज सकाळी शोधून काढलं. वादक आलेक्सांद्र कांतोरोव, २०१९ साली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकलेला पहिला फ्रेंच पियानोवादक. रचना फ्रेंच संगीतकार राव्हेलची, १९०१ सालची, पाण्याच्या खेळावरची. राव्हेलने ह्या रचनेच्या माथ्यावर एका कवितेची ओळ घातली आहे : पाण्याने गुदगुल्या झाल्या म्हणून हसणारा नदीचा देव. नदीवरच्या सोहळ्यासाठी ही रचना कुणीतरी विचार करून निवडली असणार. पाऊस काही त्यांनी निवडलेला नव्हता. तो आला, आणि वादकाने वाजवणं थांबवलं नाही.

पुढे पहाटेचे तीन वाजत आले. ज्योत पेटली, लेक झोपेला आला होता, मी टीव्ही बंद करणार तेवढ्यात आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावर एक बाई उभी. पांढरा, मण्यांचा पायघोळ झगा, शेजारी पियानो, त्यावरही थेंब. मला ती कोण ते ओळखता आलं नाही, फ्रेंचचा एक शब्द कळत नाही. सासूबाई सगळा वेळ तिच्या गळ्याकडे बघत होत्या. "दम कुठे घेता ती बघ. ओळ मोडीना." खरंच मोडली नाही. शेवटी आवाज वर नेला आणि तिथे तो तिने धरून ठेवला, आणि आमच्या घरात कुणी हललं नाही.

ती सेलिन दिओन होती हे मला सकाळी कळलं. आजाराचं तर त्याहून नंतर. म्हणून मुद्दाम सांगते, आम्हाला भरून आलं तेव्हा आम्हाला तिची कहाणी माहीत नव्हती. फक्त आवाज होता.

मी शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीला कधी गेले नसते, सासूबाई तर नाहीच. तिकीट काढून ऐकायला जाणारी माणसं आम्ही नव्हे. पण खेळ बघायला सगळं घर एकत्र बसलं होतं, आणि त्या वेळी ते आमच्या पुढ्यात आलं. इथे आणखी कुणाला असं सापडलंय का, खेळ बघता बघता? लिहा.


देवचार
२७ जुलै

ताई, झकास लिहिलंय. मी एक वाजता झोपलो आणि आता सकाळपासून राहिलेलं बघतोय. माझ्यासाठी रात्रीचा क्षण म्हणजे गोजिरा! जुन्या तुरुंगाच्या खिडक्यांतून गिटार, सोबत मारिना व्हियोती ही ऑपेरा गाणारी बाई. मारी आंत्वानेतला ठेवलं होतं तीच ती इमारत. ऑलिम्पिकच्या उद्घाटनात मेटल बँड! आमच्या घरी मी ऐकतो त्याला "आवाज" म्हणतात, गाणं म्हणत नाहीत. काल बाबांनी पूर्ण बघितलं आणि ती बाई कोण म्हणून विचारलं. मला एवढं पुरे आहे.


फातोर्डा_गॅलरी, मडगाव
२७ जुलै

सुरंगीताई, लिहिलंय छान, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे.

मी जन्मभर खेळ बघणारा माणूस. छोट्या देशाचे तीन-चार खेळाडू, त्यांची स्पर्धा कदाचित पहिल्याच फेरीत संपणार. त्यांच्या आईबापांना त्यांना जगासमोर बघायला मिळणार ते ह्या एकाच रात्री. ते लोक तासन् तास पावसात नावेत उभे होते, चार-पाच देश एका नावेत, आणि कॅमेरा वळायचा गाण्याकडे. स्टेडियममध्ये निदान प्रत्येक पथक एकटं चालतं, झेंडा नीट दिसतो, टाळ्या पडतात. सोहळा खेळाडूंचा आहे. संगीत हवंच, पण त्यांच्यासाठी हवं, त्यांच्या जागेवर नको. मी तरुणपणी थोडा खेळलो आहे, पथकात चालायचं म्हणजे काय वाटतं ते मला ठाऊक आहे.

पियानोवाल्या मुलाबद्दल तक्रार नाही. तोही त्यांच्यासारखाच भिजत होता.


लाकूड_आणि_तार, म्हापसा
२७ जुलै

पियानो, हार्मोनियम दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम. काल तो पियानो बघून माझा जीव वरखाली होत होता, म्हणून दोन शब्द लिहितो.

पियानो बाहेरून दगडासारखा दिसतो, पण आत सगळं नाजूक. तारांखाली लाकडाची मोठी पातळ फळी असते, आवाज ती देते. दमट हवेत ती फुगते, तारांवरचा ताण बदलतो आणि सूर हलतो. तारेवर पडणाऱ्या हातोड्या लोकरीच्या नमद्याच्या. नमदा ओला झाला की आवाज बसतो, बोथट होतो. पट्ट्या लाकडाच्या, त्यांच्या खाचांतही नमदा. तो फुगला की पट्टी दाबल्यावर वर येत नाही. आपल्या गोव्यात दर पावसाळ्यात मला हेच बघावं लागतं : "अहो, मधला सा दाबला की खालीच राहतो." जुन्या घरांतून पियानोच्या पोटात छोटा दिवा लावून ठेवतात ते एवढ्याचसाठी, आतली हवा कोरडी राहावी.

हे झालं नुसत्या दमट हवेचं. काल तर वरून पाऊस पडत होता. त्यात राव्हेलची ती रचना म्हणजे भरभर, हलक्या बोटांची. एक पट्टी अडकली तर पूर्ण ओघ तुटणार. आणि ओल्या पट्टीवरून बोट घसरतं. जो माणूस असल्या स्थितीत एवढं हलकं वाजवतो त्याने पट्टीचा दाब किती सांभाळला असेल, विचार करा. वाद्याचं पुढे काय झालं असेल ह्या विचाराने मला अजून वाईट वाटतंय, पण वादन ऐकून मी दोनदा मागे नेऊन बघितलं.


सुरंगी
२७ जुलै

@लाकूड_आणि_तार, हे वाचून सासूबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, घुमटाचंही (मडक्याला चामडं ताणून केलेलं आपलं गोव्याचं वाद्य) तसंच. चवथीला पाऊस असतोच, चामडं सैल पडतं, म्हणून त्यांच्या माहेरी आरतीच्या आधी घुमट चुलीजवळ ठेवायचे आणि मधे मधे बोट मारून बघायचे. आता चामडं बकऱ्याचं. पूर्वी घोरपडीचं असायचं, ते कायद्याने बंद झालं. बकऱ्याचं लवकर उतरतं असं त्यांचं म्हणणं.

@फातोर्डा_गॅलरी, काका, तुमचं पटलं. आमच्या लेकालाही भारताची नाव पुरेशी दिसली नाही, तो त्यावरून नाराजच आहे. पण मला सांगा, फक्त पथकं चालली असती तर सासूबाई माळ जपत झोपायला गेल्या असत्या. त्यांनी काल सिंधूला बघितलं ते पियानोवाल्यानंतर "आता आणखी काय येतं बघूया" म्हणून बसल्या तेव्हा.


सावंतवाडीहून
२७ जुलै

समालोचकांबद्दल +१००. गाणं चालू असताना बोलू नये हा नियमच हवा. आमच्याकडे तर एका सुंदर जागी जाहिरातच आली. ताई, एक उपाय सांगतो : मोबाईलवर बघत असाल तर भाषा बदलून बघा, कधी कधी दुसऱ्या भाषेचे समालोचक कमी बोलतात. आणि नंतर ऑलिम्पिकच्या स्वतःच्या अधिकृत चॅनेलवरचं बघायचं.

माझं सापडलेलं गाणंही ह्याच सोहळ्यातलं : ग्रँड पॅलेसच्या छपरावरून आक्सेल सेंसिरेलने गायलेलं फ्रान्सचं राष्ट्रगीत. हातात झेंडा, खाली नदी. ते गीत मी फुटबॉलच्या सामन्याआधी हजार वेळा ऐकलं असेल, खेळाडू खांद्याला खांदा लावून ओरडून म्हणतात तसं. काल पहिल्यांदा त्याची चाल कळली.


बांबोळी_डायरी
२७ जुलै

मी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) बरीच वर्षं काम केलं, आता निवृत्त. सेलिन दिओनच्या आजाराबद्दल व्हॉट्सॲपवर सकाळपासून काय वाट्टेल ते फिरतंय, त्यामुळे थोडं नीट लिहिते.

तिला 'स्टिफ पर्सन सिंड्रोम' आहे हे तिने स्वतः २०२२च्या डिसेंबरात जाहीर केलं. फार दुर्मीळ, दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होणारा आजार, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत स्नायूंना "आता सैल पड" असं सांगणारी एक यंत्रणा असते. ह्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावरच उलटते. मग स्नायू आखडतात, विशेषतः पाठीचे आणि पोटाचे, आणि मधूनच जोरदार पेटके येतात. पेटके कशाने येतात? अचानक मोठा आवाज झाला, कुणी स्पर्श केला, मन भरून आलं, ह्यानेसुद्धा.

आता सुरंगीच्या सासूबाई काय बघत होत्या ते आठवा. दम. गाणाऱ्याचा दम कशावर चालतो? छातीचा पडदा, बरगड्यांमधले स्नायू, पोट, पाठ. म्हणजे नेमक्या त्याच भागावर आजाराने हात घातलेला. त्यात समोर प्रचंड आवाज, थंडी, पाऊस, भावना उचंबळलेल्या. पेटका यायला जे जे लागतं ते सगळं तिथे हजर होतं. २०२०नंतर तिने लोकांसमोर गायलं नव्हतं. काल गायली.

औषधांनी, व्यायामाने आजार ताब्यात ठेवता येतो, मुळापासून जात नाही. त्यामुळे "बरी होऊन परत आली" असं जे फिरतंय ते चुकीचं आहे. ती आजारासकट उभी राहून गायली. सुरंगी, तू म्हणतेस की तुला हे माहीत नसताना आवाज पोचला, त्याचं मला फार बरं वाटलं. रुग्णाला सहानुभूती सगळे देतात. गायिकेला आधी गायिका म्हणून ऐकलं जाणं हे तिने मिळवलेलं आहे.

ती १९९६ला अटलांटाच्या उद्घाटनातही गायली होती. तेव्हाचं आणि कालचं एकामागून एक ऐकून बघा.


पणजीकर_मास्तर
२८ जुलै

"खेळ बघता बघता सापडलेलं गाणं" ह्याला माझं उत्तर : ७ जुलै १९९०, रोम.

फुटबॉल वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्याची आदली रात्र. काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पावारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास हे ऑपेराचे तिघे नामवंत गायक एकत्र गायले. वाद्यवृंदाचं संचालन आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांचं. कारेरासला १९८७ साली रक्ताचा कर्करोग झाला होता, त्यातून तो उठला होता, आणि तिघेही फुटबॉलवेडे. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनीने अर्जेंटिनाला १-० ने हरवलं. तो सामना आता मला जेमतेम आठवतो, पेनल्टीचा गोल एवढाच. गाणं आठवतं. नंतर त्याची कॅसेट मिळवली, ती झिजेपर्यंत ऐकली.

गोव्यात हे संगीत तसं परकं नाही, हेही इथे सांगायला हवं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकवत, हातात व्हायोलिन देत. त्यातूनच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईला गेले, प्यारेलालसारखे शिष्य तयार केले, आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोंयकार भरले. पण आमच्या हिंदू घरांत ते दारापर्यंतच यायचं. आमच्याकडे नाट्यगीत आणि भजन, शेजारी व्हायोलिन, मध्ये एक कुंपण. मी लहानपणी संध्याकाळी शेजारच्या घरातला सराव कुंपणापलीकडून ऐकायचो, आत जाऊन कधी बसलो नाही. सुरंगीच्या सासूबाईंनी घरच्या खुर्चीत बसून राव्हेल ऐकला, मला ह्याचं अप्रूप वाटतं.

आणि एक मागणं. २०१९ साली घुमट आपलं राज्याचं वारसा वाद्य झालं. गेल्या ऑक्टोबरात ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं उद्घाटन मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवरच झालं. मग फुटबॉलच्या सामन्याआधी, मध्यंतरात, लाऊडस्पीकरवरच्या रेकॉर्डऐवजी पाच मिनिटं घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कांसाळे (झांजा) का नकोत? माणसं सामन्यालाच आलेली असणार. त्यांना मुद्दाम बोलवावं लागणार नाही.


देवचार
२८ जुलै

मास्तर, घुमट +१. सोबत ब्रास बँडही पाहिजे. गॅलरीत बसून ऐकायला मजा येईल, खरंच.


फातोर्डा_गॅलरी, मडगाव
२८ जुलै

मास्तरांच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा, फक्त खेळाडू मैदानात आले की वादन थांबावं.

पथकांबद्दल माझं म्हणणं कायम आहे. पण काल रात्री जागून त्या शेवटच्या गाण्याचा शोध घेतला, कारण ते एदित पियाफ ह्या फ्रेंच गायिकेचं आहे एवढं कुठेतरी वाचलं आणि मला मुष्टियुद्ध आठवलं. आमच्या पिढीत मार्सेल सेर्दांचं नाव माहीत असलेले लोक थोडे असतील, म्हणून सविस्तर लिहितो.

सेर्दां अल्जीरियात जन्मला, कासाब्लांकात वाढला. १९४८च्या सप्टेंबरात त्याने जर्सी सिटीला टोनी झेलला हरवून मिडलवेटचं जागतिक विजेतेपद मिळवलं. फ्रान्सने त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्या जूनमध्ये डेट्रॉइटला जेक लामोटाशी लढताना सुरुवातीलाच त्याच्या खांद्याला दुखापत झाली. तसाच एका हाताने लढत राहिला, पण शेवटी लढत सोडावी लागली आणि पट्टा गेला. परतीची लढत ठरली. पियाफ तेव्हा न्यूयॉर्कच्या एका कॅबरेत गात होती. दोघांचं प्रेम जगजाहीर होतं आणि हे गाणं तिने त्याच्यासाठी लिहिलं, चाल मार्गरित मोनोची.

२७ ऑक्टोबर १९४९ची रात्र. सेर्दां न्यूयॉर्कला निघाला, तिला भेटायला आणि लढतीच्या तयारीला. २८च्या पहाटे विमान अझोर्स बेटांवर डोंगराला धडकलं, आतलं कुणी वाचलं नाही. पियाफला बातमी कळली त्याच दिवशी संध्याकाळी ती रंगमंचावर उभी राहिली आणि गायली.

म्हणजे आयफेल टॉवरवर काल जे गायलं गेलं ते एका खेळाडूसाठी लिहिलेलं गाणं होतं. नावांतून गेलेल्या सगळ्यांच्या नंतर, शेवटी, एक मुष्टियोद्धा. निवडणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही, मला त्याने फरक पडत नाही. मी ते आता तसंच ऐकतो.


पणजीकर_मास्तर
२८ जुलै

गॅलरीबाब, देव बरें करूं. एक भर घालतो. त्याच विमानात जिनेत नेव्हो होती, फ्रान्सची तेव्हाची थोर व्हायोलिनवादक, जेमतेम तिशीची. अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली होती, भाऊ जाँ पियानोवर साथ करायचा, तोही सोबत. १९३५ला वॉर्सॉच्या व्हिएनियाव्स्की स्पर्धेत तिचा पहिला नंबर आणि पुढे जगप्रसिद्ध झालेल्या दाव्हीद ओइस्त्राखचा दुसरा, तेव्हा ही पंधरा वर्षांची. तिचं ब्राम्स ह्या जर्मन संगीतकाराच्या रचनेचं ध्वनिमुद्रण अजून ऐकायला मिळतं. अझोर्स पोर्तुगालचं. त्या वर्षी आपलं गोवाही पोर्तुगालच्याच अमलाखाली होतं.


बांबोळी_डायरी
२८ जुलै

हे सगळं वाचून पुन्हा ऐकलं. काका, धन्यवाद.


लाकूड_आणि_तार, म्हापसा
२८ जुलै

नेव्होचं ब्राम्स दुकानात लावलं होतं. हार्मोनियम न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक बाकावर बसून राहिलं. भाता बदलून तयार होता, पण ते संपेपर्यंत उठलं नाही. जुनं मुद्रण, खरखर आहे, तरी तारेवरचा दाब ऐकू येतो. @सुरंगी, सासूबाईंना जरूर ऐकवा, दमाचं जसं त्यांनी पकडलं तसं गजाचंही पकडतील.


सुरंगी
२८ जुलै

आज ऐकवलं. पहिला भाग संपेपर्यंत बसल्या. म्हणाल्या, "ही गज बदलता तेव्हा कळनां." आणि मग, "आणखी आसा?" आहे म्हटलं, उद्या.

आज दुपारी मनू भाकरचं कांस्यपदक सगळ्यांनी मिळून बघितलं. नेमबाजीत ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई. लेकाने उड्या मारल्या.

समारोप ११ ऑगस्टला पॅरिसलगतच्या स्टेडियममध्ये आहे, आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला, म्हणजे तारीख १२ लागेल. ह्या वेळी आम्ही दुसऱ्या भाषेचा ऑडिओ लावून बघणार. काका, समारोपात खेळाडू स्टेडियममध्येच असणार, तेव्हा तुम्हीही जागा. काय सापडतं ते इथेच लिहू.